आईचं भात आणि माझा थर्मामीटर

आमच्याकडे थंडी वाढली आहे, हे कबूल करायला मला तीन हिवाळे लागले. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जागोजागी शहाण्यासारखा बोललो आहे आणि वाचणाऱ्याचा उगाच गैरसमज नको.

रसायनीच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं नोकरी केली. काम म्हणजे काटे वाचणं. बॉयलरचं तापमान, पाण्याचं तापमान, बाहेरच्या हवेचं तापमान, दर तासाला बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं. अशा कामाने माणसाला एक वाईट खोड लागते. ज्याला काटा नाही त्याच्यावर विश्वास बसत नाही. कोणी म्हणालं, "आज काय उकडतंय!" की मी विचारायचो, "किती?" बायको म्हणायची, तुमच्याशी हवापाण्याच्या गप्पासुद्धा मारता येत नाहीत.

निवृत्त झालो आणि क्वार्टर सोडून गावी आलो. आमचं गाव भिसेगावच्या पुढे, कर्जतपासून रिक्षाने वीसेक मिनिटं. बायको शेलूला लेकीकडे राहिली. लेक आणि जावई दोघं नोकरीला जातात, तिथल्या नव्या टॉवरमध्ये नातवाला सांभाळायला कोणीतरी हवंच होतं. गावच्या घरात राहिलो मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणतो. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आईवडिलांचं तिने केलं, शेत तिने केलं, आणि सातबाऱ्यावर नाव लागलं माझं. ह्याबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

मात्र एक गोष्ट तिची होती. आमच्या घरात एक जुनं हळवं भात होतं. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं. टरफल तांबूस, दाणा आखूड, उतारा कमी, आणि जरा वाऱ्याने आडवं पडायचं. पण त्याची पेज अशी व्हायची की आजारी माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसावा, आणि भाकरी थापताना कडा फुटायच्या नाहीत. त्याला काही वेगळं नाव असलं तर आम्हाला माहीत नाही. आई होती तोवर 'घरचं भात' म्हणायचो, ती गेल्यावर 'आईचं भात'. गावात सगळ्यांनी कधीच दुकानातलं बियाणं धरलं. अक्का मात्र दरवर्षी एका खाचरात हेच लावायची. आई जाताना तिला म्हणाली होती, "तुला द्यायला माझ्याकडं काय नाय गं. हे बी तुझं." हे अक्काने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता.

निवृत्त होताना सोबतच्या लोकांनी मला काय हवं विचारलं. मी थर्मामीटर मागितला. चांगला, लाकडी पट्टीवरचा. गावी आल्यावर पहिल्याच दिवशी तो मागच्या पडवीच्या भिंतीवर ठोकला. तिथे ऊन येत नाही, पाऊस लागत नाही, डोळ्यांच्या उंचीला बरोबर बसतो. रोज सकाळी सहा वाजता उठून वाचायचा आणि वहीत लिहायचं, असं सुरू केलं. चौतीस वर्षांची सवय, नाहीतर सकाळी करायचं काय?

अक्काची पहिली तक्रार त्याच हिवाळ्यात आली. "थंडी लय वाढली रं," ती म्हणाली. मी थर्मामीटर बघून आलो. चौदा.

"काही वाढली नाही. उलट जग तापतंय. सगळीकडे बर्फ वितळतोय."

"तिकडं वितळत आसंल. हिथं माझ्या पोटऱ्यांत गोळे येतात."

"ते वयाने येतात," मी म्हणालो.

आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण तेव्हा मला आपण काहीतरी समंजस बोललो असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने खोबरेलाची बाटली आणून माझ्यासमोर उलटी धरली. तेल दगडासारखं बसलेलं. मी तिला समजावलं की खोबरेल गोठायला फार थंडी लागत नाही, ते कारखान्यातसुद्धा गोठायचं. हे खरंच आहे. मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्याच होत्या, हीच तर माझी अडचण.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही हाच वाद. शालीत गुरफटलेली माणसं गरम ग्लास दोन्ही हातांत धरून म्हणायची, "कसलं ग्लोबल वार्मिंग न् कसलं काय, हिथं कान गळून पडायला आलेत." मी लगेच खुर्ची ओढून बसायचो. सगळ्या पृथ्वीची सरासरी वेगळी, एका गावची पहाट वेगळी, पहाट गार म्हणून जग गार होत नाही, वगैरे. आणि शेवटी खिशातून वही काढायचो. चौदा, पंधरा, चौदा. म्हणजे जगही तापतंय आणि तुमचं गावही काही गार झालेलं नाही. माणसं गप्प बसायची. त्यांना पटायचं म्हणून नाही, चहा निवायचा म्हणून.

खरं तर डोळे उघडे ठेवले असते तरी कळलं असतं. ठाकरवाडीवर पूर्वी पहाटे सहाला विझणारी शेकोटी आठ-साडेआठपर्यंत धुरायची. आंब्याला एकदा मोहोर येऊन फळ धरलं की पुन्हा मोहोर यायचा आणि पहिली फळं गळायची. वाल मात्र झकास येत होते, दाण्याला गोडी होती. शनिवार-रविवार बंगल्यांवर मुंबईची माणसं येत, टोप्या घालून धुक्याचे फोटो काढत आणि जाताना वालाच्या शेंगा नेत. थंडीने पीक गेलं अशी कोणाची तक्रार नव्हती, डिसेंबरात पेरून उन्हाळ्यात कापायचं उन्हाळी भात करणारे मोजके लोक सोडून.

दोन हिवाळे असे गेले. मग तो ऑक्टोबर आला. आईचं भात कापणीला आलं होतं, अक्का दोन दिवसांनी माणसं सांगणार होती. परतीचा पाऊस आला आणि चार दिवस हटला नाही. भात आडवं झालं, पाण्यात बुडालं, आणि ऊन पडून बघतो तर लोंबीतल्या दाण्यांना तिथल्या तिथे हिरवे मोड. अक्का बांधावर उकिडवी बसली आणि एक लोंबी हातात घेऊन उलटसुलट करून बघू लागली.

बियाण्याला त्यातलं काहीच उरलं नाही. आदल्या वर्षीचं थोडं कणगीत होतं. पायली-दोन पायली, एका कापडी पिशवीत. पण भाताचं बी वर्षभर चांगलं, दुसऱ्या वर्षी निम्मं उगवतं, तिसऱ्या वर्षी शेणात टाकायचं. म्हणजे आता जे काय करायचं ते ह्याच वर्षी. पुढच्या पावसाळ्याची वाट बघण्यात धोका होता. अक्का म्हणाली, कालव्याचं पाणी सुटलं की उन्हाळी लावू, एवढंसंच, बियाण्यापुरतं. हळवं असल्याने ते कोणत्याही हंगामात निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर टाकतं. मलाही पटलं. सगळं ठरलं आमचं एकमताने, भांडण झालं ते फक्त तारखेवर.

आमच्या आईची एक रीत होती. उन्हाळी भाताचा वाफा टाकायचा तर आदल्या पहाटे ती चिखल केलेल्या वाफ्यात अनवाणी उभी राहायची आणि घरातल्या सगळ्यांची नावं घ्यायची. आधी सासरा, सासू, मग नवरा, मग आम्ही दोघं, मग गाय, म्हैस आणि शेवटी दोन्ही बैल. शेवटच्या बैलाचं नाव घेईपर्यंत पाय चिखलात टिकले तर उद्या पेरायचं. मध्येच पाय बधिर होऊन बाहेर काढावे लागले तर आठ दिवस थांबायचं. लहानपणी मी बांधावर उभा राहून ही गंमत बघायचो आणि बैलांची नावं आली की ओरडायचो. आई गेल्यावर अक्काने रीत चालू ठेवली. घरात माणसं उरली नव्हती, गुरं तर विकूनच टाकली होती, मग ती गेलेल्यांचीही नावं घ्यायची. आईचं नाव तिने वडिलांच्या मागे घातलं. आजा, आजी, बा, आई, मग मी, मग गुरं. स्वतःचं नाव ती घेत नसे.

डिसेंबरात पाणी सुटलं, चिखल झाला, आणि अक्का पहाटे वाफ्यात उभी राहून परत आली. "थांबायचं आठ दिस," ती चुलीशी बसत म्हणाली. "तुझ्या नावापाशी आले नि पाय गेले. बैलांपातूर पोचलेच नाय."

मी थर्मामीटर बघून आलो. चौदा.

"पायाला काय कळतं अक्का? त्या पायांना रक्त पोचत नाही आता. हा बघ काटा." आणि मग मी माझा हुकमाचा मुद्दा काढला, "आणि आठ दिवस, पुन्हा आठ दिवस, असं करत बसलीस तर कापणी जाईल मेच्या शेवटाला. हल्ली पाऊस मेमध्येच येतो. ऑक्टोबरात काय झालं ते बघितलंस ना? तेच पुन्हा व्हायचं."

हाही मुद्दा खराच होता. ती विचारात पडली. पुढून थंडी आणि मागून पाऊस, मधे जागाच उरत नव्हती. आणि तिच्या मनात कुठेतरी हेही होतं की हा शिकलेला आहे, कारखान्यात साहेब लोक ह्याला विचारत. "बरं," ती म्हणाली, "तू म्हनतोस तर."

ह्या तीन शब्दांनी मी आजही जागा होतो.

बी भिजवलं, गोणपाटात बांधलं, वर पेंढा टाकला. तिसऱ्या दिवशी सोडलं तर टपोरे पांढरे मोड. निम्म्याहून जास्त उगवलं होतं. अक्काच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांनी हसू बघितलं. तिने पदरात घेऊन ते वाफ्यावर फेकलं, वर चाळलेली राख टाकली. सगळं बी टाकलं. मूठभर मागे ठेव म्हणालो असतो तर तिने ठेवलं असतं, पण मला सुचलं नाही आणि तिला जुन्या बियाण्याचा भरवसा नव्हता.

त्याच संध्याकाळी बांधावरून उतरताना तिचा गुडघा मुरगळला. सुजून भोपळा झाला. डॉक्टरने पट्टी बांधून पंधरा दिवस शेतात जायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तिने मला नेमून दिलं. रोज संध्याकाळी वाफ्यात कालव्याचं पाणी भरायचं आणि सकाळी ऊन वर आलं की सोडून द्यायचं. पाण्याखाली रोपाला ऊब राहते, नुसती माती पहाटे फार गार पडते. "रोज हां," ती म्हणाली. "एक दिस बी चुकवायचा नाय."

पहिले चार दिवस मी केलं. मग एका संध्याकाळी पाण्याच्या तोंडाशी दुसऱ्या कोणाची पाळी चालू होती, थांबावं लागलं असतं तासभर. मी मनाशी हिशेब केला, सकाळी काटा चौदावर होता. चौदाला रोपाला काही होत नाही, मी वाचलं होतं. परत आलो. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी वही बघितली, तेरा. तरी चालतं. अक्काने विचारलं, "पाणी भरलंस?" मी म्हणालो, "हो." खोटं बोललो असं मला वाटलंच नाही. ज्याची गरज नव्हती ते केलं नाही, एवढंच वाटलं.

पाणी बंद केल्याच्या सहाव्या दिवशी ठाकरवाडीवरची मावशी आली. ती आमच्याकडे लावणी-कापणीला वर्षानुवर्षं येते, अक्काची मैत्रीणच म्हणा. लाकडाची मोळी उतरवून ती म्हणाली, "तुमचा वाफा पिवला पडलाय."

मी धावत गेलो. बोटभर आलेली रोपं आधी टोकाला पिवळी, मग सगळी. दोन दिवसांत पांढरी झाली. हात लावला की मुळापासून सुटून हातात यायची. वाफ्यात पाणी भरत सुटलो मग, सकाळ-संध्याकाळ, पण मेलेल्याला पाणी पाजून काय होणार? अक्काला मावशीनेच सांगितलं.  तिने मला एवढंच विचारलं, "समदं?" मी मान हलवली.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एवढं होऊनही मला वाटत होतं की चूक बियाण्याची आहे. जुनं होतं, दम नव्हता, म्हणून मेलं. हे सिद्ध करायचं म्हणून, अक्कासमोर माझी बाजू मांडायची म्हणून, मी दुसऱ्या पहाटे थर्मामीटर भिंतीवरून काढला आणि शेतात घेऊन गेलो. वाफ्याजवळ काठी रोवून त्याला टांगला आणि बाजूला उभा राहिलो. पारा उतरायला लागला. तेरा, बारा, अकरा. मी वाट बघत होतो की आता थांबेल. दहा. नऊ. आठावर येऊन तो थांबला, आणि मी तिथेच उभा.

घरी परत आलो, खिळ्यावर पुन्हा लावायला गेलो आणि भिंतीला हात टेकला. भिंत कोमट होती.

मागच्या पडवीच्या त्या भिंतीच्या पलीकडे आमची न्हाणी. न्हाणीत, बरोबर त्याच भिंतीला लागून, आंघोळीच्या पाण्याची चूल. अक्का रोज साडेचारला उठून ती पेटवायची. स्वतःसाठी नव्हे, ती उन्हं आल्यावर गार पाण्यानेच अंग धुते. मी कारखान्याच्या क्वार्टरमधून आलेला, मला उठल्याबरोबर गरम पाणी लागतं म्हणून. गुडघा सुजलेला असतानाही ती पाटावर बसून, पाय लांब करून, फुंकणीने ती चूल पेटवत होती. आणि सहाला मी उठून, पडवीत जाऊन, जगाचं तापमान बघत होतो.

तीन हिवाळे मी आमच्या न्हाणीची चूल मोजली. तीन हिवाळे ती वही लोकांच्या तोंडासमोर नाचवली. काटा कुठे लावायचा, हे कारखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. भट्टीजवळ लावू नका. नवीन आलेल्या पोरांना मीच शिकवायचो.

अक्काला जाऊन सगळं सांगितलं. भिंतीचं, आणि पाणी न भरल्याचंही. ती तांदूळ निवडत होती, दुकानातला. ऐकून घेतलं. रागावेल, रडेल, काहीतरी करेल म्हणून मी उभा राहिलो. "मंग उद्यापासून गार पान्यानं आंगोळ कर," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी तिने मला हाक मारली. दाराच्या चौकटीवर आदल्या दसऱ्याचं नवं बांधलेलं होतं. नवं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या आणि पानं एकत्र बांधून दाराला लावतात ते. यंदा दसऱ्याला आमच्याकडे शेतात चिखल होता, नवं कुठून बांधणार, म्हणून जुनंच राहिलं होतं. धुराने काळं, चिमण्यांनी बरंचसं खाल्लेलं. मी स्टुलावर चढून ते काढलं. अक्काने एक एक दाणा दाताखाली धरून बघितला, न चावता. भरलेले सव्वीस निघाले. तिने ते वाटीत भिजवले. परातीत चिखल केला, आणि ती परात कुठे ठेवायची ह्याचा विचार करत घरभर फिरली. मग म्हणाली, "तुझ्या त्या भिंतीला ठेव."

जानेवारीभर आम्ही न्हाणीची चूल परातीसाठी पेटवली. आंघोळ मी गार पाण्याने केली. सव्वीसपैकी अकरा उगवले. अकरा रोपं! थंडी ओसरल्यावर मी ती शेताच्या कोपऱ्यात लावली, जिथे कालव्याचं पाणी सतत झिरपतं. वर अक्काची जुनी साडी बांधली चिमण्यांसाठी. गुडघा बरा झाल्यावर ती रोज सकाळी बघायला जायची, मी संध्याकाळी. एकमेकांना आकडा सांगायचो, इतके फुटवे, इतकी पानं. त्या दिवसांत मी फार सुखात होतो. मला वाटत होतं की मला माफ केलं गेलं आहे.

मार्च संपता संपता रोपं पोटरीत आली, आतल्या लोंबीने देठ फुगले, आणि एप्रिलात निसवली. नेमकं त्याच आठवड्यात ऊन चढलं. सकाळी दहालाच पत्रे तडतडायला लागायचे. कर्जतचा उन्हाळा मला नवा नाही, पण हे काहीतरी वेगळं होतं, वारा थांबलेला आणि डोळे जळत होते. थर्मामीटर आता शेतातच होता, साडीच्या सावलीत. दुपारी बेचाळीस. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस. भात फुलोऱ्यात असताना एवढं तापलं की फुलातला परागच सुकून जातो आणि दाणा भरत नाही, हे मला माहीत होतं. मी बादल्यांनी पाणी ओतलं, साडीवर साडी बांधली, ओलं गोणपाट धरून भर दुपारी उभा राहिलो. अक्काला मी काही बोललो नाही. लोंब्या दिसायला सुरेख होत्या. उभ्याच्या उभ्या.

ते उभं राहणंच वाईट. भरलेली लोंबी वाकते.

मेच्या सुरुवातीला अक्काने त्या कापल्या. बांधावर बसून तळहातावर चोळल्या, तांबूस टरफलं तळहातभर झाली. मग तिने हलकेच फुंकर मारली. सगळं उडालं. हातावर काही उरलं नाही. तिने दुसऱ्या लोंब्या घेतल्या, चोळल्या, फुंकल्या. शेवटपर्यंत सगळ्या केल्या, एकही न सोडता. मी शेजारी उभा होतो, थर्मामीटरजवळ.

"तुझं बी खरं व्हतं रं," ती हात झटकत म्हणाली. "तापलंय."

मला आयुष्यात कोणी इतकं दुखावलेलं नाही, आणि तिने ते दुखवायला म्हटलं नव्हतं. ती मला श्रेय देत होती. तीन वर्षं वाद घातला, शेवटी भाऊ अगदीच चुकीचा नव्हता, एवढंच तिला म्हणायचं होतं. जग तापतंय हे खरं, आणि आमची पहाट गारठत चालली आहे हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ह्याची कारणं मी नंतर पुष्कळ वाचली. उत्तरेकडचं वारं, कोरडं आभाळ, बिघडलेले ऋतू. काही समजली, काही नाही. टपरीवर आता मी ती सांगत नाही. पहाटेने अर्धं नेलं, दुपारने उरलेलं नेलं, आणि आमच्या घरात एक बी होतं ते नाही, ह्यात त्या कारणांचा काही उपयोग नाही. कृषी कार्यालयात विचारलं, आसपासच्या गावांत विचारलं, खालापूरकडच्या नातेवाइकांना फोन केले. तांबूस टरफलाचं हळवं? पूर्वी असायचं म्हणतात सगळे.

आता पुन्हा डिसेंबर आहे. कालव्याला पाणी सुटलं आहे. शेजारच्या खाचरांत दुकानातल्या बियाण्याचे वाफे पडले आहेत, आमचं खाचर रिकामं, पेरायला घरात बीच नाही. अक्काचा गुडघा पुन्हा धरला आहे, तिला शेतात उतरू देत नाही. काल पहाटे मी उठलो, शेतात गेलो, चपला बांधावर काढल्या आणि ओल्या चिखलात उभा राहिलो. का, ते विचारू नका. थर्मामीटरकडे बघितलंही नाही. आजा म्हटलं, आजी म्हटलं. पाय कापल्यासारखे झाले. बा म्हटलं.

परत आलो तेव्हा अक्का चुलीशी बसली होती. माझ्या चिखलाच्या पायांकडे तिने बघितलं आणि सगळं समजली.

"कुठवर गेलास?"

"आईपर्यंत."

तिने लाकूड आत सारलं. "मंग नाय पेरायचं अजून," ती म्हणाली. "थांबू आठ दिस."